शिबिराला आलेली आजी

झऱ्यावरचा धडा मी आधी भराभर उरकायची. माझं माहेर पलूसकडचं. नदीकाठच्या उसात आणि द्राक्षबागांत मी वाढले, त्यामुळं वाहतं पाणी ही मुद्दाम समजावून सांगायची गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. पुढं माझी बदली आटपाडीच्या पलीकडच्या एका वस्तीशाळेवर झाली. तिथल्या चौथीला मी तो धडा वाचून दाखवला, तेव्हा पुढं बसलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, झरा म्हंजी पाइप फुटल्यावानी का?"

वर्गातलं कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तेच विचारायचं होतं. पाइप फुटलेला प्रत्येकानं पाहिलेला. आमच्याकडं आता कालव्याचं पाणी आलंय, माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्यात, बांधाबांधानं काळे पाइप गेलेत. त्यातला एखादा फुटला की पोरं दप्तरं टाकून भिजायला पळतात. पण कुणी मोटर चालू न करता जमिनीतून आपसूक पाणी येतं, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं. मी शाळेच्या टीव्हीवर एका झऱ्याचा व्हिडिओ लावला. पोरांनी तो डोळे मोठे करून बघितला. संपल्यावर तीच मुलगी पुन्हा उभी राहिली.

"पर बाई, मोटर कुटं हाय ते दावलंच न्हाई की."

ही मुलगी आमच्या वर्गाची कारभारीण. फळा तिनं पुसायचा, खडू तिनं मोजायचे, भांडणं तिनं सोडवायची. तिचे आईवडील दूर तमिळनाडूत असतात. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा गलाईचा धंदा करायला आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं अशी लांब गेलेली आहेत. धाकट्या भावाला त्यांनी सोबत नेलं होतं, हिला मराठी शाळेसाठी आजीजवळ ठेवलं होतं. त्यामुळं वस्तीच्या टोकाच्या घरात आजी, नात आणि चार शेळ्या अशी वस्ती. घरी आजीच्या हाताखाली राहायचं, त्याची सगळी भरपाई ही शाळेत करायची.

आमची शाळा दोनशिक्षकी. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. माझ्या वर्गात दोन्ही मिळून सोळा मुलं. एवढ्याशा वर्गाचं एक बरं असतं, पुस्तकातलं काहीही उचलून बाहेर नेता येतं. नकाशाचा धडा आला तेव्हा आम्ही घर ते शाळा रस्त्याचे नकाशे काढले. त्यात एकूण एक नकाशात एका घरासमोरचं कुत्रं घरापेक्षा मोठं काढलेलं होतं. मी म्हटलं, "अरे, नकाशात प्रमाण असतं." तर एक जण म्हणाला, "बाई, तुमी त्येच्यासमोरनं चालत जाऊन बगा, मग सांगा." मी त्या वाटेनं स्कूटीवरून जायचे. दुसऱ्या दिवशी चालत गेले. नकाशे बरोबर होते.

तर तो झऱ्याचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. माझी एक मैत्रीण मेढ्याच्या पुढं, जावळीच्या डोंगरातल्या एका शाळेवर आहे. आम्ही सांगलीला डी.एड.ला एका खोलीत राहिलो. तिला फोनवर मी हे मोटरचं सांगितलं, तर ती पोट धरून हसली आणि हसून झाल्यावर म्हणाली, "मग घेऊन ये की पोरांना इकडं. दोन रात्री शाळेतच राहू. आमच्या पटावर नऊ मुलं आहेत, त्याच त्याच नऊ जणांची तोंडं बघून कंटाळलीत बिचारी. त्यांनाही कुणीतरी नवं भेटू दे."

मुख्याध्यापक सरांना विचारलं. ते दोन वर्षांनी निवृत्त व्हायचे होते आणि प्रत्येक गोष्टीला पहिल्यांदा "बघू" म्हणायचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बघू," म्हणाले. मग थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तो भाग माझा बी बघायचा राहिलाय." दुसऱ्याच दिवशी ते परवानगीच्या आणि पहिली-दुसरीसाठी बदली शिक्षकाच्या मागं लागले.

पालकसभेत सगळे हो म्हणाले. एकट्या त्या आजी नाही म्हणाल्या. सभेत काही बोलल्या नाहीत, पण नातीबरोबर सांगावा पाठवला की आमचं जमायचं न्हाई. आणि वर्गाची कारभारीण त्या दिवशी फळा न पुसता कोपऱ्यात बसून राहिली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. आजी शेळ्यांना पाला टाकत होत्या. लुगडं नेसलेल्या, काटक अंगाच्या, आवाज मात्र शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "बाई, तुमी कशापायी आलाय ते कळलंय मला. पर लेकरू माझ्या जिम्म्यावर हाय. त्येचा बाप तिकडं हजार मैलावर. काय झालं तर म्या काय तोंड दावू?"

"आजी, मी आहे ना. सर आहेत."

"तुमी हाय, खरं. पर तुमाला सोळा लेकरं. मला येकच."

नात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, रडू दाबून. मला तिच्याकडं बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेले, "मग तुम्हीच चला की आमच्याबरोबर."

आजींचा पाला टाकणारा हात थांबला. "म्या? शिबिराला?"

"हो. स्वयंपाकाला एक माणूस लागणारच आहे."

आजींनी एकदा नातीकडं बघितलं, एकदा शेळ्यांकडं. त्यातली एक पांढरी-तांबडी शेळी गाभण होती, पोट खाली आलेलं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "ही माझ्याबगार पाणी प्येत न्हाई. पर जाऊबाईला सांगते. येते म्या."

मला वाटलं पोरगी उडी मारेल. तर ती किंचाळलीच, "आज्जी! तू न्हाई यायचं! शिबिर लेकरांचं आसतंय!"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी ती मला बाजूला घेऊन गेली. चेहरा अगदी गंभीर. "बाई, आज्जी येऊ दे. पर तिला तुमी सांगा, समद्यांसमोर माझी येणी घालायची न्हाई. आन घास भरवायचा न्हाई. आन मला 'बाय माझी' म्हणायचं न्हाई." मी आजींना हे जसंच्या तसं कळवलं. त्यांनी ते निमूट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बरं. शाळेचा कायदा आसंल तर आसू दे."

दिवाळीच्या सुट्टीनंतर, थंडी पडायला लागल्यावर आम्ही निघालो. एका पालकाची मिनी बस होती. म्हसवड, दहिवडी करत गाडी चालली तशी पोरं खिडकीतून दिसेल ते मोठ्यानं सांगत होती. साताऱ्याला किल्ला दिसला तेव्हा सगळी एका बाजूला गोळा झाली आणि ड्रायव्हर ओरडला. आजी पहिल्या सीटवर मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन ताठ बसल्या होत्या. नात मुद्दाम सगळ्यात मागं. मेढ्याच्या पुढं वळणं सुरू झाल्यावर दोघा-तिघांना मळमळायला लागलं. आजींनी कनवटीचे वाळवलेले आवळे काढून एकेकाला चघळायला दिले. मागं नातीला द्यायला उठल्या, अर्ध्यावर थांबल्या, आणि माझ्या हातात आवळा देऊन म्हणाल्या, "तुमीच द्या."

मैत्रिणीची शाळा डोंगराच्या उतारावर. कौलारू खोल्या, पुढं चार पायऱ्या, खाली भातकापणी झालेली टप्प्याटप्प्यांची खाचरं आणि त्यापलीकडं झाडीच झाडी. तिची नऊ मुलं स्वागताला पायऱ्यांवर ओळीनं उभी होती. आमची सोळा समोर ओळीनं. मैत्रीण म्हणाली, "चला, ओळख करून घ्या बरं." कुणी हलेना. दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या पायांकडं बघत होती.

शेवटी तिकडचा एक बुटका पोरगा पुढं झाला. "तुमच्यात बिबट्या हाय का?"

आमच्यातला एक जण तितक्याच तोऱ्यात म्हणाला, "न्हाई. लांडगा हाय."

"बघितलायस?"

"माझ्या चुलत्याचं मेंढरू न्हेलंय त्येनं. मी मागनं बघितलाय."

"मागनं?" बुटका विचारात पडला. "आमी बिबट्याचं नुसतं पाऊल बघितलंय." आणि त्यानं मान्य करून टाकलं की मागून बघितलेला लांडगा नुसत्या पावलापेक्षा भारी. त्यानंतर ओळी कधी मोडल्या ते आम्हाला कळलंच नाही.

दुपारी जेवून सगळे ओढ्यावर गेलो. पावसाळा संपून बरेच दिवस झाले होते, तरी पाणी घोट्याच्या वर होतं, तळाचे गोटे स्पष्ट दिसत होते. आमची पोरं काठावर येऊन थबकली. मग तिसरीतल्या एकानं मैत्रिणीला विचारलं, "बाई, हितं पाणी कवा सोडत्यात?"

आमच्याकडं कालव्याला पाळीनं पाणी सुटतं. अमुक तारखेला सुटणार, तमुक दिवस चालणार, अशीच त्याला पाण्याची ओळख. डोंगरातली पोरं खदाखदा हसली. पण त्यांच्यातली एक मुलगी हसायची थांबून विचार करायला लागली. तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. "सोडत न्हाई कुणी," ती सावकाश म्हणाली. "ते येतंच."

"रोज?"

"रोज."

"रातीला बी?"

"रातीला बी."

आमची कारभारीण मात्र तेवढ्यावर समाधानी नव्हती. ती ओढ्याच्या कडेकडेनं वर निघाली. मी आणि आठ-दहा पोरं तिच्या मागं. वर एका कातळाच्या बुडाशी ओल्या शेवाळातून पाणी पाझरत होतं, बोटाएवढी धार. तिनं वाकून कातळाच्या मागं बघितलं, बाजूचा पाला सारून बघितलं, धारेत बोट घातलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "न्हाई बाई. खरंच मोटर न्हाई." मी इतकी वर्षं झऱ्याची व्याख्या फळ्यावर लिहीत आले होते.

खाली आलो तर वेगळाच खेळ रंगलेला. मैत्रिणीनं पानांच्या होड्या करून शर्यत लावली होती. कुणाची होडी दोन दगडांमधून आधी जाते ते बघायचं आणि पाण्याचा वेग कुठं जास्त, कुठं कमी ते वहीत लिहायचं. आजी लुगडं वर खोचून पाण्यात उभ्या होत्या. त्यांचीही होडी होती. ती एका गोट्याला अडली, तशी आजींनी इकडंतिकडं बघून पायाच्या अंगठ्यानं हळूच ढकलली.

"आज्जी फौल! आज्जी फौल!" पोरांनी गिल्ला केला.

"काय फौल? पाण्यानं गेली ती!"

"अंगठा लावला तुमी! म्या बघितलं!"

"माझा अंगठा हाय, कुटं बी ठिवीन!"

सरसुद्धा हसत होते. नात तेवढी कानकोंडी होऊन एका झाडामागं जाऊन उभी राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, मी म्हणलं नव्हतं? तिला कळतच न्हाई काय."

डोंगरात ऊन लवकर जातं. आमच्या माळावर सूर्य पार जमिनीला टेकेपर्यंत दिसतो. इथं चार-साडेचारलाच तो डोंगरामागं गेला, वर आभाळ उजळ राहिलं आणि खाली सावली पसरून गारठा सुटला. मैत्रीण आणि गावातल्या एक मावशी भात टाकायच्या तयारीला लागल्या. आजी मदतीला येतील म्हणून मी हाक मारली. त्या आल्या नाहीत.

थोड्या वेळानं नात माझ्याजवळ आली. आवाज बारीक. "बाई, आज्जी रडती."

आजी शाळेच्या मागच्या ओट्यावर बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई. धूर लागला डोळ्याला." चूल पुढच्या अंगाला होती. तिकडं धुराचा मागमूस नव्हता. मी शेजारी बसले. नात समोर उभी राहिली, काय करावं न कळून.

"दिस बुडाया लागला की आमची शेळी दाराकडं बघती," आजी म्हणाल्या. "जाऊबाई पाणी दावल, पर ती प्येयाची न्हाई. व्यायला झालीया. आन म्या हितं पाण्यात होड्या सोडतीया." आणि त्यांना पुन्हा हुंदका आला. "तुमाला हसाया यील बाई. पर माझा लेक तिकडं गेल्यापास्नं म्या येक रात घराभाईर काढली न्हाई. घर सोडलं की काय तरी हुतंय, आसं वाटतंय बगा."

मला हसू आलं नाही. पहिल्या संध्याकाळी मुलं रडतात, हे मला माहीत होतं. त्यासाठी मी गोष्टी, गाणी, चिक्कीची पाकिटं अशी सगळी जय्यत तयारी करून आले होते. त्यातलं काहीच आजींच्या कामाचं नव्हतं.

नात मात्र बघता बघता बदलली. वर्गात भांडण सोडवताना जशी कमरेवर हात ठेवून उभी राहते, तशी उभी राहिली. "आज्जी, इकडं बग. रडून काय हुणार हाय का? आपुन फोन लावू."

"कुणाला?"

"शेळीला."

फोन काढला तर रेंज नाही. तोवर आमच्याभोवती पोरं जमायला लागली होती. बुटक्यानं सांगितलं, "वर टेकाडावर देवळापाशी रेंज येती. चला, म्या दावतो." अजून चांगला उजेड होता. सर म्हणाले, "बघू." पण तेच काठी घेऊन सगळ्यांच्या पुढं निघाले. अशी आमची वरात निघाली. पुढं सर आणि बुटका, मध्ये आजी, त्यांच्या हाताला नात, मागं दोन्ही शाळांची झाडून सगळी पोरं. खाली चुलीवर भात आणि मावशी, एवढंच उरलं.

देवळाच्या चौथऱ्यावर चढून फोन उंच धरला तेव्हा रेंजची एक काडी आली. नातीनं नंबर लावला. जाऊबाईंनी उचलला.

"आज्जीचं नीट हाय ना गं? आवाज का आसा?"

"हाय, हाय. धाकटे आज्जी, शेळीला फोन द्या."

"कुणाला?"

"शेळीला! तिच्या कानापाशी धरा. आज्जीला बोलायचंय."

तिकडं आधी हसणं, मग चपलांचा आवाज, मग गोठ्याचं फळकूट सरकवल्याचा आवाज. "धरलाय बघा. बोला."

पंचवीस पोरं श्वास रोखून उभी. नातीनं स्पीकर चालू केला. आजींनी फोनवर वाकून टाळ्याला जीभ लावून "च्यक्, च्यक्, च्यक्" केलं आणि हळूच म्हणाल्या, "ये बाय माझी. पाणी पी गं."

काही नाही. वारा तेवढा फोनमध्ये फरफरत होता.

"पाणी पी म्हणती ना," आजी जरा दरडावून म्हणाल्या.

आणि तिकडून स्पष्ट, लांबलचक आवाज आला. "मेंऽऽऽ!"

टेकाडावर असा काही जल्लोष झाला की खाली गावातली कुत्री भुंकायला लागली. जाऊबाई ओरडून काहीतरी सांगत होत्या. पोरं गप्प झाल्यावर कळलं की शेळीनं बादलीत तोंड घातलंय. आजींनी पदरानं डोळे पुसले आणि हसल्या. एक दात नसलेलं ते हसू मी त्या दिवसात पहिल्यांदाच इतकं मोकळं बघितलं.

मग प्रत्येकाला शेळीशी बोलायचं होतं. त्यातून कुणाला आई आठवली, कुणाला बाबा, कुणाला तान्ही बहीण. चौथऱ्यावर रांग लागली. सरांचा फोन, माझा, मैत्रिणीचा, तिन्ही फोन फिरत राहिले. दोघी-तिघी थोड्या रडल्या, पण आजी तिथंच उभ्या होत्या. "रडा, रडा, म्या बी रडले," म्हणत त्या एकेकीच्या पाठीवर हात फिरवत होत्या. माझ्या चिक्कीला कुणी विचारलं नाही.

शेवटी नातीनं तमिळनाडूला फोन लावला. आवाज तुटत तुटत येत होता. तिकडून आईनं घाबरून विचारलं असावं, कारण ही म्हणाली, "न्हाई गं, काय झालं न्हाई. आज्जी बरी हाय. मी हाय ना हितं." फोन ठेवून तिनं आजीचा हात पुन्हा धरला आणि उतरताना सगळ्या वाटेनं सांगत राहिली, "हितं दगूड हाय, आज्जी. हितं पाय जपून."

जेवताना दोघी शेजारी बसल्या. आमटी-भात होता. आजींनी दोन घास खाल्ले, मग तिसरा घास हातात धरून तशाच थांबल्या, कायदा आठवून. नातीनं इकडंतिकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

सकाळी उठलो तर डोंगर नव्हते. धुकं इतकं दाट की पायऱ्यांच्या पुढं काही दिसेना. आमची पोरं दारात गोळा होऊन बघत राहिली. आजी मागून येऊन म्हणाल्या, "काल हुता नव्हं हितं डोंगर?" मैत्रिणीनं ती संधी साधली. सगळ्यांना कागद दिले आणि सांगितलं, काल समोर काय काय होतं ते आठवून काढा. मग ऊन वर आल्यावर धुकं विरत गेलं आणि एकेक टोक बाहेर पडायला लागलं, तसं प्रत्येक जण आपलं चित्र पडताळून बघू लागला. कुणी एक डोंगर जास्त काढला होता, कुणी खाचरं विसरलं होतं. आमच्या लांडगेवाल्यानं डोंगराच्या मधोमध एक बिबट्या काढला होता. "त्यो हाय, पर दिसत न्हाई," असं त्याचं म्हणणं. ते खोडायला कुणाकडं पुरावा नव्हता.

पायरीवर नात आजीच्या पुढ्यात पाठ करून बसली होती. "घाल येणी," ती म्हणाली. "पर घट्ट नको." तिच्यानंतर तिकडच्या दोघी येऊन बसल्या, मग आमच्या तिघी. धुकं पुरतं जाईपर्यंत आजी वेण्याच घालत होत्या.

त्या दिवशी पानांचे ठसे घेतले. रंगात पान बुडवायचं, कागदावर दाबायचं, मग शिरा मोजायच्या. आजींनी पान उलट्या बाजूनं दाबलं आणि त्यांचा ठसा सगळ्यांत ठसठशीत उठला. पोरांना वाटलं त्यात काही युक्ती आहे. आजींनी सांगून टाकलं, "चुकून झालं रं." दुपारी भाकरीची जुगलबंदी झाली. इकडच्यांनी नाचणीची करून दाखवली, आमच्या मुलींनी सोबत नेलेल्या बाजरीच्या पिठाची. निकाल आजींनी द्यायचा होता. दोन्ही भाकरी त्यांनी चार-चारदा चाखून बघितल्या आणि शेवटी म्हणाल्या, "अजून येक-येक द्या, मग सांगते."

तिसऱ्या दिवशी परत निघताना दोन्हीकडची पोरं पुन्हा ओळीनं उभी राहिली. या वेळी कुणी कुणाच्या पायांकडं बघत नव्हतं. बुटका गाडीच्या मागं वळणापर्यंत पळत आला.

आठवडा-दीड आठवड्यानंतर एका सकाळी आमची कारभारीण प्रार्थना चालू असतानाच मैदानातून धावत, ओरडत आली, "व्याली! बाई, व्याली! दोन!" प्रार्थना तिथंच संपली. मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग करडं बघायला गेला. एक पांढरं, एक तांबडं. गणितात वजनाचा पाठ चालूच होता. आम्ही तांबड्याला फडक्याच्या झोळीत घालून ताणकाट्याला लटकवलं. दर शनिवारी वजन करायचं आणि वर्गातल्या तक्त्यावर रंगीत पट्टी चढवायची असं ठरलं. पट्ट्या वाढत गेल्या. एका शनिवारी पट्टी होती तेवढीच राहिली, तर पोरांनी आजींना जाब विचारला. आजी म्हणाल्या, "काल जुलाब लागलं हुतं त्येला. त्ये बी लिवा." ते पण लिहिलं.

फेब्रुवारीत मैत्रीण तिच्या नऊ मुलांना घेऊन आमच्याकडं आली. त्यांच्या स्वयंपाकाची, झोपायची, पाण्याची सगळी सूत्रं आजींनी न विचारता स्वतःकडं घेतली. सरांना त्यांनी दोनदा "तुमी बसा हो जरा" म्हणून गप्प केलं. पाहुण्या मुलांना मेंढ्यांचा कळप दाखवला, डाळिंबाची बाग दाखवली, कालवा दाखवला. त्या दिवशी पाळी नव्हती, कालवा कोरडा होता. पण ती पोरं कशातच नीट लक्ष देईनात. त्यांचे डोळे सारखे लांब कुठंतरी लागलेले.

संध्याकाळी त्यांना शाळेमागच्या माळावर नेलं. नजर जाईल तिथवर सपाट, मध्ये एखादी बाभळ. बुटका काठावर थांबला. त्यानं एकदा मैत्रिणीकडं बघितलं.

"बाई, पळू?"

"पळ की."

तो पळत सुटला. त्याच्या मागून बाकीचे आठ. आमची पोरं आधी नुसती बघत राहिली. त्यांना कळेना ही कशाच्या मागं पळतायत. मग तीही पळाली. मैत्रीण माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "आमच्याकडं पन्नास पावलं सरळ पळायला जागा नाही गं. कुठं तरी चढ येतो, नाहीतर खाचर." सूर्य जमिनीला टेकायला आला होता. पोरं बाभळीच्याही पुढं गेली, बारीक बारीक होत गेली, आणि त्यांना परत बोलवायला म्हणून आजींनी दोन्ही हात तोंडापाशी नेले, पण हाक न मारताच खाली घेतले. "पळू द्या," त्या म्हणाल्या. "दमली की येत्याल."